शून्य ते शंभर: चुकीच्या मापाचा हट्ट

नागपुरात चार गाडीवेडे एकत्र जमले की तर्री-पोह्यांची प्लेट यायच्या आत एक प्रश्न येतोच, "शंभर किती सेकंदात मारते बे?" मग थांबलेली गाडी ताशी शंभर किलोमीटरला किती सेकंदांत पोहोचते, या आकड्यांची आतषबाजी सुरू होते. मर्सिडीजची एएमजी ए४५ एस ३.९, ए३५ ४.८, फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय ५.९, स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस ६.४. कोणीतरी मोबाइलवर जुन्या मित्सुबिशी इव्होचा किंवा सुबारू एसटीआयचा आकडा शोधतो, "हात्तिच्या, इतकंच?" म्हणतो आणि निकाल लागतो. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणि नवी ऑक्टेव्हिया आरएस मोजक्या संख्येने भारतात आल्या, तेव्हापासून तर या वादाला ऊत आलाय. पुढची चाकं ओढणारी गाडी विरुद्ध चारही चाकांना जोर देणारी गाडी असा सामना लावायचा आणि स्टॉपवॉचकडे बघून टाळ्या वाजवायच्या. माझं म्हणणं सरळ आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या) गाड्यांची तुलना करायला शून्य ते शंभर हे सगळ्यांत निकामी माप आहे. इतर गाड्यांच्या बाबतीत ते अपुरं असेल, या गाड्यांच्या बाबतीत ते दिशाभूल करतं. कारण ऑल-व्हील ड्राइव्ह जे काम सर्वांत सहज, सर्वांत स्वस्तात करून देते, तेवढंच ते मोजतं आणि या गाड्या ज्यासाठी बनल्या ते सगळं झाकून ठेवतं.

कोणतीही कामगिरी ही कशावर तरी केलेली कामगिरी असते. ही गोष्ट नागपूरकराला तरी वेगळी समजावून सांगायला लागू नये. नोव्हेंबर २०१५ मध्ये नागपूरच्या जामठा स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेचा संघ कसोटीच्या पहिल्या डावात ७९ धावांत गुंडाळला गेला. त्या संघात अमला होता, डिव्हिलियर्स होता. अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले, तीन दिवसांत खेळ आटोपला आणि नंतर आयसीसीने त्या खेळपट्टीला 'पुअर' असा शेरा दिला. तो ७९ चा आकडा खोटा होता का? नाही. पण त्यावरून डिव्हिलियर्सला फलंदाजी येत नाही असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला आपण जामठ्याच्या स्टँडमध्येच गप्प बसवलं असतं. खेळपट्टी विचारल्याशिवाय धावसंख्येला अर्थ नाही, हे आपल्याला क्रिकेटमध्ये पाठ आहे. गाड्यांच्या बाबतीत मात्र रस्ता, टायर, तापमान, पेट्रोल यांतलं काहीही न विचारता आपण दशांश सेकंदावरून भांडतो.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत दमदार मुद्दा. आकडा नको तर मग काय, "चालवायला मजा येते" यावर तुलना करायची? मजा कशात मोजणार? स्टॉपवॉच कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ब्रँडची भक्ती त्याला कळत नाही. हा मुद्दा मला मान्य आहे, पूर्णपणे. मोजल्याशिवाय तुलना म्हणजे नुसत्या गप्पा. पण मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा प्रश्न तरी उरतोच ना?

थोडं गणित करू. सुकी, चांगली डांबरी सडक आणि साधारण बरे टायर. घर्षणाचा गुणांक ०.९ धरा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उभी असताना साठ टक्के वजन पुढे असतं, पण ॲक्सिलरेटर दाबताक्षणी वजन मागे झुकतं आणि जी चाकं गाडी ओढणार तीच हलकी होतात. हिशेब केला तर अशा गाडीला गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम ४५ टक्के इतकंच त्वरण मिळू शकतं. म्हणजे इंजिनात हजार हॉर्सपॉवर कोंबली तरी या टायरवर ती सुमारे सहा सेकंदांच्या आत शंभरला पोहोचणार नाही. चारही चाकांना जोर असेल तर वजन पुढे गेलं काय, मागे गेलं काय, सगळं उपयोगीच पडतं, आणि हीच मर्यादा तीन-सव्वातीन सेकंदांवर येते. सेकंदांमधली ही तफावत इंजिनाची नाही, ड्रायव्हरची नाही, सस्पेन्शनची तर नाहीच नाही. ती केवळ किती चाकं ढकलतात याची आहे. अधिक चिकट टायर घालून सहाच्या आत येणारी, पण पुढच्याच चाकांवर चालणारी होंडाची सिव्हिक टाइप आर, तीनशेच्या वर हॉर्सपॉवर असूनही, अधिकृतपणे ५.४ सेकंदांवर थांबते. तिची शिकस्त तिथे संपते, कारण पहिल्या गिअरमध्ये तिची निम्मी ताकद धुरात जाते. मग ए४५ एस तिला दीड सेकंदाने हरवते यात सिद्ध काय झालं? चार ही संख्या दोनपेक्षा मोठी आहे, एवढंच.

बरं, हे आकडे तरी एका मापाने घेतलेले असतात का? अमेरिकन मासिकं ताशी ६० मैलांपर्यंत मोजतात, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. शिवाय ड्रॅग रेसिंगच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पहिला एक फूट सोडून घड्याळ सुरू करतात. त्यात तीन-एक दशांश सेकंद फुकट मिळतात. युरोपातला कंपनीचा आकडा वेगळा, यूट्यूबवर जीपीएसच्या डबीने काढलेला वेगळा. आणि इव्हो-एसटीआयचे ते गाजलेले पावणेपाच सेकंदवाले आकडे कसे निघाले? इंजिन पाच-सहा हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर) नेऊन क्लच एकदम सोडायचा. चारही चाकं घसरायला तयार नसतात, त्यामुळे तो सगळा झटका क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स सोसतात. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीवर हा प्रयोग करणारा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणूनच काही मासिकं ताशी ५ मैलांवरून रांगत निघून ६० पर्यंतची वेळ वेगळी देतात. टर्बो गाड्यांमध्ये तो आकडा एक-दीड सेकंदाने फुगतो, कारण खालच्या आरपीएमवर टर्बो अजून जागा झालेला नसतो. व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर तुमच्या वाट्याला येते ती ही दुसरी वेळ. वादात मात्र पहिलीच फेकली जाते.

"ठीक आहे, मग लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची वेळ घ्या," असं दुसरी बाजू म्हणेल. हे माप नक्कीच जास्त प्रामाणिक आहे. त्यात ब्रेक आले, वळणं आली, टायर तापणं आलं. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर २०१० मध्ये रॅलीपटू टॉमी मॅकिनेनने सुबारू एसटीआय ७ मिनिटं ५५ सेकंदांत फिरवली. आजची ऑडी आरएस३ तिथे ७ मिनिटं ३३ सेकंदांत फिरते. नव्या गाड्या जुन्यांपेक्षा वेगवान आहेत हे मी नाकारत नाही, नाकारणाऱ्यांचा मला कंटाळाच येतो. नव्वदच्या दशकाच्या नावाने गळे काढणारी एक जमात आपल्याकडे आहे. तिने इव्हो कधी हातात घेतलेली नसते, पण कॉम्प्युटर गेममध्ये मनसोक्त पिटाळलेली असते. पण याच ट्रॅकवरची दुसरी जोडी बघा. ३३३ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) फोक्सवॅगन गोल्फ आर '२० इयर्स', चारही चाकांना जोर, शंभरला ४.६ सेकंदांत: ७ मिनिटं ४७ सेकंद. होंडा सिव्हिक टाइप आर, जोर फक्त पुढच्या चाकांना, शंभरला ५.४: ७ मिनिटं ४४ सेकंद. टायर वेगळे, दिवस वेगळा, चालक वेगळा, हे सगळं खरं, आणि तीन सेकंदांच्या फरकावर मी कोणालाच विजयी घोषित करणार नाही. पण सरळ रस्त्यावर आठ दशांशांनी मागे पडणारी गाडी वीस किलोमीटर वळणांच्या शेवटी बरोबरीत किंवा पुढे कशी येते? कारण वळणात शिरताना आणि ब्रेक मारताना चार चाकांना इंजिन जोडलेलं असण्याचा काडीचा उपयोग नसतो. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. उलट पुढून मागे जाणारा शाफ्ट, मागचा डिफरन्शियल (चाकांमध्ये जोर वाटणारा भाग), क्लच यांचं वजन मात्र प्रत्येक वळणावर वाहून न्यावं लागतं. सुक्या डांबरावर ऑल-व्हील ड्राइव्ह हा बऱ्याच वेळा ओझ्याचाच भाग असतो.

आणि हे काही आज कळलेलं नाही. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वात्रो दाखवली: टर्बो इंजिन आणि चारही चाकांना जोर. १९८१ मध्ये मिशेल मुताँने तिच्यातून सानरेमो रॅली जिंकली आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपची रॅली जिंकणारी ती पहिली महिला ठरली. १९८२ चं निर्मात्यांचं विजेतेपद ऑडीकडे गेलं. आता मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाड्यांचे दिवस भरले असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. १९८३ ला काय झालं? लान्चिया ०३७ नावाच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या, टर्बोही नसलेल्या गाडीने (तिला सुपरचार्जर होता) दोन गुणांनी का होईना, निर्मात्यांचं विजेतेपद ऑडीच्या हातून काढून घेतलं. चालक वाल्टर रोर्लने तिच्यातून माँटे कार्लो रॅली तर जिंकलीच, पण डांबरावरच नाही, ग्रीसच्या दगडाळ ॲक्रोपोलिसमध्ये आणि न्यूझीलंडमध्येही ती पहिली आली. ०३७ हलकी होती, इंजिन मधोमध होतं, वळताना ती ऑडीसारखी नाक पुढे खुपसत नव्हती. ऑडीने आपला हिशेब स्वीडनच्या बर्फावर आणि फिनलंडच्या खडीवर चुकता केला. कोणती गाडी श्रेष्ठ, याचं उत्तर रॅली कोणती यावर अवलंबून होतं, आणि दोन्ही संघांना ते पक्कं ठाऊक होतं.

याहून आपल्या जवळचं उदाहरण पूर्व आफ्रिकेचं आहे. सफारी रॅली म्हणजे ऊन, धूळ, पाऊस आला तर चिखल, आणि संपता न संपणारं अंतर. १९८४, ८५ आणि ८६ अशी सलग तीन वर्षं ती टोयोटाच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेलिका टर्बोने जिंकली. तेव्हा युरोपात प्युजो आणि ऑडीच्या चार चाकं ढकलणाऱ्या राक्षसी गाड्या धुमाकूळ घालत होत्या. आफ्रिकेत त्यांना हा साधा, दणकट गडी पुरून उरला. ऑडीला सफारी मिळाली ती १९८७ मध्ये, आणि तीही क्वात्रोच्या चपळ भावंडांमधून नाही, तर लांबलचक ऑडी २०० सेडानमधून. उष्णता, धूळ आणि लांब पल्ला या कसोट्या आल्या की कागदावरची श्रेष्ठता गळून पडते. विदर्भातल्या माणसाने गाडी निवडताना नुर्बुर्गरिंगपेक्षा सफारीचा निकाल आधी वाचावा, असं मला कधीकधी वाटतं.

हॉर्सपॉवरचं काय? इथे जपानचा इतिहास मजेशीर आहे. १९८९ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी आपसात समजूत केली की कोणतीही गाडी २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. २००४ पर्यंत ती टिकली. प्रत्यक्ष ताकद आणि छापील ताकद यांत किती तफावत होती यावर जपानी शौकीन अजून वाद घालतात. तिकडे वर्ल्ड रॅलीमध्ये टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचा रिस्ट्रिक्टर सक्तीचा होता. त्यातून जाईल तेवढीच हवा, म्हणजे सगळ्यांचीच ताकद तीनशेच्या घरात अडकलेली. हवेचा तो घोट किती मोलाचा असेल? १९९५ मध्ये टोयोटाच्या गाडीत असा जुगाड सापडला की टर्बोचा पाइप घट्ट बसवताना रिस्ट्रिक्टर पुढे सरकून बाजूने हवेला वाट मिळायची आणि तपासणीसाठी पाइप काढला की सगळं पुन्हा जागच्या जागी, निरागस. संघाला वर्षभराची बंदी पडली.

म्हणजे रस्त्यावर २८० ची भिंत आणि रॅलीत ३४ मिलिमीटरची. याच काळात इव्हो आणि एसटीआय वर्षागणिक वेगवान होत गेल्या. कशाच्या जोरावर? १९९६ च्या इव्हो ४ मध्ये मागच्या दोन चाकांमध्ये जोर कमी-जास्त वाटणारा डिफरन्शियल आला, २००१ च्या इव्हो ७ मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना हायड्रॉलिक क्लचने गरजेपुरतं बांधणारा मधला डिफरन्शियल आला. सुबारूने तर एसटीआयच्या गिअर लिव्हरजवळ एक चाकती दिली, मधला डिफरन्शियल किती घट्ट ठेवायचा ते ड्रायव्हरने ठरवायचं. मॅकिनेनने मित्सुबिशीतून १९९६ ते ९९ अशी चार वर्षं ओळीने जागतिक विजेतेपद घेतलं. आकडा गोठला होता त्या वर्षांत या गाड्या सर्वांत जास्त शिकल्या. आज ताकदीला कुंपण नाही, ए४५ एसचं दोन लिटरचं इंजिन ४२१ पीएस काढतं, आणि आपली चर्चा मात्र शून्य ते शंभरच्या एका आकड्यापाशी येऊन अडकली आहे.

इव्हो ७ पासून डॅशबोर्डवर एक बटण यायचं, दाबलं की मीटरमध्ये तीनपैकी एक शब्द उजळायचा: टारमॅक, ग्रॅव्हल, स्नो. टोयोटाच्या २०२४ च्या सुधारित जीआर यारिसमध्येही 'ग्रॅव्हल' नावाचा मोड आहे. गाडी बनवणाराच आधी विचारतो की बाबा, रस्ता कोणता? तुलना करणारा का विचारत नाही?

रस्त्याचं उदाहरण घरचंच घेऊ. काटोल-कळमेश्वरकडच्या एखाद्या पांदण रस्त्यावर जुलैत गाडी घालून बघा. काळी माती ओली झाली की ती टायरच्या खाचांमध्ये अशी भरते की दोन-तीन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, वरून मडगार्डच्या आत थर चढत जातो. साध्या गाडीचं एक चाक गरगरा फिरत गारा उडवतं आणि पलीकडचं चाक ढिम्म उभं राहतं, कारण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला पेलवतो तेवढाच पलीकडच्यालाही मिळतो. आता हीच वेळ चारही चाकांना जोर असलेल्या गाडीवर आली तर तिचं खरं पाणी कळतं. मध्ये कायमस्वरूपी डिफरन्शियल असलेल्या गाड्यांमध्ये मागची चाकं पहिल्यापासून कामाला लागलेली असतात. आडव्या इंजिनाच्या बहुतेक जर्मन गाड्यांमध्ये मागचा भाग एका इलेक्ट्रॉनिक क्लचने जोडला जातो. तो जुन्या पिढीत पुढचं चाक घसरल्यावर जागा व्हायचा. नव्या पिढीत तो आधीच अंदाज घेतो आणि ए४५ एस, आरएस३, गोल्फ आर यांच्यात तर मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र क्लच आहे. हे तंत्र विलक्षण आहे, त्याला जुनाट अभिमानापोटी नावं ठेवू नयेत. पण क्लच म्हणजे घासणारी वस्तू आणि घासणारी वस्तू तापते. चार सेकंदांच्या पळात ती तापत नाही. वीस मिनिटांच्या ओल्या घाटात ती किती तापते आणि तापल्यावर कॉम्प्युटर तिला वाचवायला मागच्या चाकांचा जोर किती कापतो, यातच एका प्रणालीचा दुसरीपेक्षा वरचढपणा असतो. आणि हो, टायर रस्त्याचे असतील तर त्या पांदणीवर ४२१ पीएसची गाडीही ट्रॅक्टरची वाट बघत उभी राहील.

आता उन्हाळा. नागपूरच्या मे महिन्याविषयी बाहेरच्यांना सांगावं लागतं, आपल्याला नाही. पारा ४५ वर गेला की २५ अंशांच्या तुलनेत हवा सुमारे ६ टक्के विरळ होते, ही केवळ सुरुवात. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापवतो. सव्वा बारच्या आसपास बूस्ट (टर्बोचा जादा दाब) असेल तर २५ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना १३० च्या पुढे गेलेली असते आणि ४५ अंशांची १६० च्या घरात. म्हणजे बाहेरचा २० अंशांचा फरक आत पोहोचेपर्यंत २७ चा झाला. पुढे इंटरकूलर ती थंड करतो, पण तोही बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. गरम हवा आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल एकत्र आलं की सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आत आपोआप भडकण्याची भीती (ऑक्टेन जितका जास्त, तितकी ही भीती कमी), मग कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि छापील हॉर्सपॉवर कागदावर राहते. जपानी बाजारासाठी ट्यून केलेल्या इव्हो-एसटीआय ९८-१०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर वाढलेल्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं साध्या पंपावर ९१ मिळायचं.

सुबारूने इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटच्या त्या प्रसिद्ध नाकपुडीखाली ठेवला. टर्बो ते इंजिन अंतर कमी, प्रतिसाद झटपट. पण ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की खालच्या इंजिनाची सगळी धग त्याच्याच अंगात मुरते. मित्सुबिशीने तो पुढे, बंपरमागे, वाऱ्याच्या तोंडावर ठेवला. दोघांनीही काही मॉडेल्सना एक गमतीची सोय दिली होती: पाण्याची छोटी टाकी आणि एक बटण, दाबलं की इंटरकूलरवर फवारा. आपल्या खिडकीतल्या कूलरचंच तत्त्व. आणि कूलरसारखीच त्याची तऱ्हाही असणार. मेच्या कोरड्या झळांमध्ये ते उत्तम काम करील, जुलैच्या दमट हवेत निम्मंही नाही. आता सांगा, स्पेनमधल्या किंवा जपानमधल्या गार सकाळी काढलेला ३.९ किंवा ४.८ चा आकडा वर्धा रोडवर मेच्या दुपारी तिसऱ्यांदा तसाच येईल, असं कोण छातीठोक सांगेल? माझा आक्षेप 'तिसऱ्यांदा' या शब्दापाशी आहे. एकदा सगळ्याच गाड्या पळतात. दहाव्या वेळी कोण पळतं, ते मोजा.

यावर खरा, वर्मी लागणारा प्रतिवाद असा: "काका, आम्ही रॅली करतो का? नागपूरचे रस्ते सिमेंटचे, आठ महिने कोरडे. पांदणीत गाडी घालायला आम्हाला कुत्रं चावलंय का? आम्हाला जे रोज अनुभवायला मिळतं ते सिग्नलवरचं पिकअपच." अगदी बरोबर आहे. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो ऑल-व्हील ड्राइव्हच्याच विरुद्ध जातो. कोरडा सिमेंटचा रस्ता आणि रोजचं पिकअप हेच हवं असेल तर चार चाकांचा खर्च, वजन, देखभाल कशासाठी? मग ऑक्टेव्हिया आरएस घ्या, मागच्या सीटवर आई-बाबांना बसवा आणि उरलेल्या पैशांत वर्षाला टायरचा नवा संच घाला. चांगल्या टायरचा परिणाम तुम्हाला रोज, प्रत्येक ब्रेकला जाणवेल. आणि चार चाकांची गाडी घेतलीच असेल, तर तिला ज्या कामासाठी घेतलं त्या कामात तपासा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट, ऑगस्ट, धुकं, वळणावर वाहत आलेली माती. तिथे पाय जरा जास्त दाबला गेला तरी गाडी तिरकी न होता वर सरकते की नाही, हा खरा प्रश्न. तिथे दोनशे-अडीचशे पीएसची गाडी पुरते आणि सेकंदांचा हिशेब कोणी करत नाही.

शून्य ते शंभरच्या हट्टाची आणखी एक बाजू आहे, आणि ती फक्त शौकिनांपुरती राहत नाही. हे एकच माप असं आहे की जे कोणालाही, कुठेही, सार्वजनिक रस्त्यावर 'सिद्ध' करता येतं. म्हणूनच ते लोकप्रिय आहे. समृद्धी महामार्ग नागपूरपासून सुरू होतो, सरळ आहे, सिमेंटचा आहे, वेगमर्यादा १२० आहे, आणि त्यावरचे स्पीडोमीटरचे व्हिडिओ कोणी काढायचे थांबत नाही. वळणातला तोल, दहाव्या लॅपमधला ब्रेक, ओल्या खडीवरची पकड ही मापं रस्त्यावर घेताच येत नाहीत, त्याला बंद जागा लागते. ती जागा विदर्भात नाही. चेन्नईजवळ ट्रॅक आहे, कोइम्बतूरला आहे, ग्रेटर नोएडात आहे. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११ किलोमीटरच्या वरचा वेगाचा ट्रॅक आहे, तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. गौरव गिलने २०१३, १६ आणि १७ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली विजेतेपद जिंकलं, त्यातली शेवटची दोन स्कोडा फाबिया आर५ मधून, म्हणजे चारही चाकं ढकलणाऱ्या १.६ लिटरच्या टर्बो गाडीतून. आपल्या एका माणसाने नेमक्या याच जातीची गाडी खडीवर जगाला चालवून दाखवली, २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि गाड्यांच्या गप्पांत त्याचं नाव अर्ध्या पोरांना माहीत नसतं. सिग्नलवर कोण पुढे गेलं ते मात्र सगळ्यांना माहीत.

मग तुलना करायचीच झाली तर? तर निदान आकड्यासोबत टायर कोणता, बाहेर तापमान किती, पेट्रोल कोणतं आणि हा कितवा पळ, एवढं लिहा. रांगत निघालेली वेळ द्या, रेसिंगच्या थाटातली नको. ओल्या रस्त्यावर शंभरवरून थांबायला किती मीटर लागले ते द्या. तिथे चार चाकांचा काही फायदा नसतो आणि ते डोळ्यांनी दिसलेलं बरं. माझं मत विचाराल तर एका पळात ए४५ एस सगळ्यांना खाऊन टाकेल, त्यावर वाद घालायची गरज नाही. दिवसभर तापलेल्या ट्रॅकवर फिरायचं असेल तर मी टाइप आरच्या बाजूने पैज लावीन. ऑगस्टमधल्या घाटासाठी, त्यातही रस्ता अर्धा खचलेला असेल तर, जीआर यारिस किंवा नीट राखलेली जुनी इव्हो. आणि सिव्हिल लाइन्स ते मनीषनगर रोज जायचं असेल तर यातली एकही नको, क्लच आणि कंबर दोन्ही शाबूत राहतील.

यारिस आणि टाइप आर इथे अधिकृतपणे विकायलाच नाहीत, इव्हो आणि एसटीआय तर कारखान्यातूनच गेल्या. तरी त्यांच्यावर वाद होतो, होऊ द्या, मलाही त्यात भाग घ्यायला आवडतं. फक्त पुढच्या वेळी कोणी "शंभर किती?" विचारलं, तर आधी त्याला रस्ता कोणता ते विचारा.